विहिरीतले पोहणे आणि समुद्राची लाट

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की आपल्याकडे दोन प्रकारचे बेत होतात. एक देवदर्शनाचा, दुसरा समुद्र पाहण्याचा. गणपतीपुळे, हरिहरेश्वर, दिवेआगर अशा ठिकाणी दोन्ही एकत्र साधते. म्हणून बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाईकडून जीप किंवा मिनीबस भरून माणसे कोकणात उतरतात. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहणारी आजी, लाटेला घाबरून पळणारी आणि पुन्हा तिच्याकडेच धावणारी लेकरे, हा आनंद मोठा आहे. तो घ्यायलाच हवा. परंतु समुद्राशी आपला शेजार नाही. त्याच्या सवयी आपल्याला ठाऊक नाहीत. अज्ञानामुळे होणारे अपघात थोड्या माहितीने टाळता येतात, म्हणून आज या विषयावर लिहीत आहे.

दोन घटना आठवून पाहा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर गेली होती. त्या दिवशी १४ विद्यार्थी-विद्यार्थिनी बुडून मरण पावले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ८ जण बुडाले. दोन्ही वेळी वादळ नव्हते. दोन्ही वेळी बुडालेली मुले तरुण आणि धडधाकट होती. आणि दोन्ही वेळी ती समुद्रापासून दूरच्या शहरांतून आलेली होती. ही शेवटची गोष्ट आपण बीडकरांनी विशेष ध्यानात घ्यावी.

पोहता येते, मग भीती कशाची?

आपल्याकडची मुले विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला डबा बांधून सुरुवात, आणि वर्षा-दोन वर्षांत काठावरून मुटका. विहिरीचे पाणी स्थिर असते. चार हात मारले की कड हाताला लागते. राक्षसभुवनला गोदावरीत उतरलात तर पाणी वाहते, पण एकाच दिशेने वाहते आणि ती दिशा डोळ्यांना दिसते.

समुद्राचे तसे नाही. लाट पाणी घेऊन किनाऱ्यावर येते, तेच पाणी परत जाते, आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. पायाखालचा आधार सरकल्याचे पहिल्यांदा समुद्रात उतरणाऱ्याला समजतही नाही. शिवाय खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडे जड असते, त्यामुळे माणूस त्यात जरा सहज तरंगतो. त्यातून ‘इथे तर विहिरीपेक्षा सोपे आहे’ असा खोटा धीर येतो.

ओढ म्हणजे काय?

समुद्रात माणसे बुडण्याचे एक मोठे कारण म्हणजे परतीचा जोरदार प्रवाह, म्हणजेच पाण्याची ओढ. तो कसा तयार होतो ते समजून घ्या.

लाटांमागून लाटा येतात तसे किनाऱ्याजवळ पाणी साचत जाते. त्याला मागे जायला वाट हवी असते. वाळूच्या तळात जिथे घळ किंवा खोलगट भाग असेल तिथून ते सगळे पाणी एका अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे निघते. शेतात बांध फुटल्यावर साचलेले पाणी त्या एका खांडातून कसे सुसाट जाते, तोच हा प्रकार. या पट्ट्यात सापडलेला माणूस बघता बघता किनाऱ्यापासून दूर जातो. ही ओढ माणसाला तळाशी खेचत नाही, ती त्याला फक्त आत घेऊन जाते. माणूस बुडतो तो घाबरून, प्रवाहाच्या उलट किनाऱ्याकडे पोहत राहतो आणि दमून जातो म्हणून.

ही ओढ ओळखायची कशी? आजूबाजूला पांढऱ्या लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत दिसतो. तिथले पाणी गडद किंवा वाळूमुळे गढूळ दिसते, आणि फेस, पालापाचोळा त्यातून आत जाताना दिसतो. नवख्या माणसाला हीच जागा सुरक्षित वाटते, कारण तिथे लाटा कमी असतात. वस्तुतः तीच सर्वांत धोक्याची जागा असते.

ओढीत सापडल्यास काय करावे:

१. घाबरून ताकद वाया घालवू नये. उताणे होऊन तरंगत राहावे आणि श्वास सावरावा.

२. सरळ किनाऱ्याकडे पोहू नये. किनाऱ्याला समांतर, म्हणजे डाव्या किंवा उजव्या हाताला पोहावे. पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडता येते. बाहेर पडल्यावर लाटांच्या साह्याने तिरके किनाऱ्याकडे यावे.

३. तेवढे पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करून मदत मागावी. पुढे खोल पाण्यात या ओढीचा जोर कमी होतो.

भरती, ओहोटी आणि तिथी

समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तास ते तासभर पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. यालाच उधाणाची भरती म्हणतात.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे. त्या दिवसाची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. उदाहरणार्थ, अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक धरून मोजावे. ही वेळ अंदाजाची असते, तासभर मागेपुढे होऊ शकते. म्हणून किनाऱ्यावर पोचल्यावर तिथल्या कोळ्याला, नारळवाल्याला किंवा मुक्कामाच्या घरमालकाला विचारावे : ‘भाऊ, आज भरती कधी? आणि कोणत्या जागी पाण्यात जाऊ नये?’ एवढे विचारण्यात कमीपणा नाही.

ओहोटी सुरू असताना पाणी आतल्या बाजूला जात असते, त्या वेळी पाण्यात उतरणे अधिक धोक्याचे. ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर फोटोसाठी लांब गेलेली माणसे भरती सुरू झाल्यावर तिथेच अडकतात, हेही लक्षात असू द्या.

मे महिन्याच्या अखेरीस पावसाळ्याची चाहूल लागते आणि समुद्र खवळू लागतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. माशांच्या प्रजननासाठी ही बंदी घालतात, आणि खवळलेल्या समुद्रापासून मच्छीमारांचा जीवही त्यामुळे वाचतो. जन्म समुद्रावर काढलेली माणसे ज्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्या काळात आपण पाण्यात उतरणे शहाणपणाचे नव्हे.

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून ‘दृष्टी’चे जीवरक्षक नेमलेले आहेत. तिथे लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या भागातच उतरावे, नुसते लाल निशाण असेल तिथे अजिबात उतरू नये. कोकणातील प्रत्येक किनाऱ्यावर, प्रत्येक वेळी जीवरक्षक असेलच असे नाही. जिथे नसेल तिथे गुडघ्यापर्यंतचे पाणी ही आपली हद्द समजावी, आणि लहान मुलाचा हात मोठ्याच्या हातात असावा. ‘नजर ठेवतो’ म्हणणे पुरेसे नाही, कारण बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. तोंडात पाणी गेल्यावर आवाज फुटत नाही.

एकाला वाचवताना दुसरा

एक बुडू लागला की भाऊ धावतो, त्याच्यामागे मित्र धावतो आणि एकाच्या जागी तिघे जातात. हे समुद्रावर होते, तसेच आपल्या शेततळ्यात आणि नदीतल्या वाळूउपशाच्या खड्ड्यांतही होते. बुडणारा माणूस भानावर नसतो. वाचवायला आलेल्यालाच तो मिठी मारतो.

म्हणून आधी आरडाओरडा करून माणसे जमवा. काठावरून दोर, बांबू, साडी, धोतर, उपरणे, जे हाताला लागेल ते त्याच्याकडे फेका. झाकण लावलेला रिकामा पाण्याचा कॅन किंवा फुगवलेली गाडीची ट्यूब फेकली तरी ती धरून माणूस तरंगतो. जीवरक्षणाचे शिक्षण नसेल तर स्वतः पाण्यात उडी घेऊ नका.

बाहेर काढल्यावर

आपल्याकडे बुडालेल्या माणसाला उलटे टांगतात, गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. हे सर्व चुकीचे आहे. पोटातले पाणी काढण्यात मोलाची मिनिटे जातात, आणि उलटलेले अन्न-पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर काही मिनिटांतच कायमची इजा होते. म्हणून पहिली गरज श्वासाची असते.

माणसाला सपाट जागी उताणे झोपवा. हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नसेल आणि छाती हलत नसेल तर डोके किंचित मागे करून हनुवटी वर उचला. नाक चिमटीत धरा, त्याच्या तोंडावर आपले तोंड घट्ट ठेवून पाच वेळा हवा फुंका. छाती वर येते का ते पाहा. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तळहात ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, मोठ्या माणसाची छाती सुमारे ५ सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने ३० वेळा दाबा. वेग मिनिटाला १०० ते १२०. मग दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत हे थांबवू नका. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

श्वास सुरू असेल पण शुद्ध नसेल तर माणसाला कुशीवर वळवून ठेवा. शुद्धीवर येऊन तो ‘मला काही झाले नाही’ म्हणाला, तरी पाणी छातीत गेले असल्यास दवाखान्यात नेलेच पाहिजे. काही तासांनंतर धाप, खोकला वाढू शकतो.

बेचाळीस अंशांचा माणूस चौतीस अंशांत का दमतो?

बीडचा माणूस म्हणतो, ‘आम्ही बेचाळीस अंश सोसतो, कोकणातले चौतीस काय करणार?’ येथेच फसगत होते.

शरीर थंड राहते ते घामाने, आणि नेमके सांगायचे तर घाम वाळल्याने. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातील साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी असते. त्यामुळे माठातले पाणी गार होते, वाळ्याच्या जाळीचा कूलर खोली थंड करतो, आणि अंगावरचा घाम कधी वाळला ते कळत नाही. किनाऱ्यावर हवेत आधीच भरपूर बाष्प असते. तिथे कूलर निरुपयोगी ठरतो, आणि आपल्या शरीराचा कूलरही नीट चालत नाही. घाम निथळतो पण वाळत नाही. पाणी आणि मीठ तर जाते, गारवा मात्र मिळत नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. त्यात उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी तिथला पारा ३८ अंशांच्या आसपास होता. बीडमध्ये एप्रिलात हे तापमान कोणाला नवलाचे वाटणार नाही.

समुद्राच्या वाऱ्यामुळे आणि पाण्यामुळे ऊन जाणवत नाही, तहानही उशिरा लागते. म्हणून तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला पाणी प्यावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घातले की जलसंजीवनी तयार होते. तिची बाटली बरोबर ठेवावी. शहाळे, ताक, कोकम सरबतही चांगले. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मीठ-साखरेबाबत आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. मुलांना समुद्राचे पाणी गिळू देऊ नये. त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, ते शरीरातले पाणी उलट ओढून घेतात.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, चक्कर ही पहिली सूचना समजावी. सावलीत झोपवून पाय थोडे उंच करावेत, पाणी द्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात. अशा वेळी कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा, काखेत व जांघेत बर्फ ठेवावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

कातडी आणि पाय

वाळू आणि पाणी ऊन परावर्तित करतात, त्यामुळे छत्रीखालीही चटका बसतो. तो लगेच कळत नाही. रात्री अंगाची आग होते आणि दुसऱ्या दिवशी कातडी सोलवटते. सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी चारनंतर किनाऱ्यावर जावे. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी किंवा डोक्याला उपरणे असावे. भाजल्यास गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. टूथपेस्ट, तूप लावू नये, फोड फोडू नयेत.

दुपारची कोरडी वाळू तव्यासारखी तापते. मधुमेही व्यक्तींना हा इशारा मुद्दाम देतो. जुन्या मधुमेहात तळपायांची जाणीव कमी झालेली असते. अनवाणी चालताना पाय भाजला किंवा शिंपला रुतला तरी कळत नाही, आणि गावी परतेपर्यंत जखम चिघळते. मधुमेह्यांनी वाळूत चप्पल काढू नये, आणि रोज रात्री तळपाय उजेडात तपासावेत.

दंश करणारे जलचर

किनाऱ्यावर कधी कधी निळ्या फुग्यासारखा सुंदर जीव पडलेला दिसतो. मुंबईच्या किनाऱ्यांवर तो पावसाळ्यात येतो. त्याला हात लावू नये. वाळूवर मेलेला दिसला तरी त्याच्या लांब तंतूंनी दंश होतो आणि आग आग होते. दंश झाल्यास ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, तंतू चिमट्याने किंवा हातमोजा घालून काढावेत, चोळू नये, वाळू घासू नये. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटे बुडवून ठेवावा. धाप लागली, चेहरा सुजला किंवा छातीत दुखू लागले तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

निघण्यापूर्वी

रात्रभर गाडीत बसून आलेला, उपाशी आणि झोप न झालेला माणूस सकाळी थेट पाण्यात शिरतो, हे योग्य नाही. आधी विश्रांती आणि न्याहारी घ्यावी. दारू पिऊन समुद्रात उतरणे म्हणजे मरणाला आमंत्रण, त्याबाबत कोणाची भीड बाळगू नये. मिरगी असणाऱ्यांनी आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी काठावरूनच समुद्र पाहावा. मासे खाण्याची सवय नसेल तर पहिल्याच दिवशी भरपेट शिंपल्या-कोळंबी खाऊ नये. अंगावर पित्त उठले किंवा ओठ सुजले तर ती अॅलर्जी समजावी. मुलांना वाळूत खोल खड्डे करून आत बसू देऊ नये, कडा ढासळून मूल गाडले जाऊ शकते.

रोजची औषधे, जलसंजीवनीची पाकिटे, कापूस-पट्टी, एक लांब दोर आणि झाकणाचा रिकामा कॅन एवढे सामान गाडीत असू द्या. शाळेची सहल असेल तर शिक्षकांनी पाण्यात जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या मुलांची मोजणी करावी. एकाच वेळी सर्वांना पाण्यात सोडू नये.

आणि घरातील कर्त्या माणसाला एक विनंती. किनाऱ्यावर पोचण्यापूर्वी, गाडीत बसल्या बसल्याच, सर्वांना नियम सांगून ठेवा : पाणी गुडघ्यापर्यंत, हातात हात, आणि शिट्टी वाजली की सगळे बाहेर. लाटा दिसल्यावर कोणी ऐकत नाही, हे सांगायला डॉक्टरची गरज नाही. जेवढी माणसे घेऊन गाडी निघाली, तेवढीच घेऊन ती परत यावी.